वियोगानंतरची वही

एप्रिल आणि मे २०२१मध्ये बेंगळुरूतल्या विद्युतदाहिन्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा शहराच्या पश्चिमेला तावरेकेरे आणि गिड्डेनहळ्ळी इथे उघड्यावर चिता रचाव्या लागल्या. घरच्यांनी शेवटचे दर्शन लांबून घेतले. पुष्कळांना तेही मिळाले नाही. ज्यांच्या अस्थी न्यायला कुणी आलेच नाही, अशा पाचशेहून अधिक लोकांच्या अस्थी जून २०२१मध्ये कर्नाटक सरकारनेच मंड्या जिल्ह्यात बेलकवाडीपाशी कावेरीत सोडल्या. त्याच महिन्यांत पुण्या-सांगलीहून, बेळगाव-नागपूरहून नोकरीसाठी बेंगळुरूत येऊन राहिलेल्या मराठी माणसांनी आईवडिलांचा अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. खांदा देता आला नाही, दहाव्याला घाटावर उभे राहता आले नाही, तेराव्याला माणसे जमली नाहीत.

साथ ओसरली, पण ही अवस्था सरलेली नाही. परगावी राहणाऱ्याला आजही वडील गेल्याचा फोन येतो, तो रात्रीच्या बसने किंवा विमानाने घरी पोचतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कामावर रुजू होतो. शोकासाठी पूर्वी घर, गाव आणि रूढी मिळून जी वेळ राखून ठेवत, ती वेळच त्याच्या वाट्याला येत नाही. अशा वेळी समुपदेशक सांगतात, मित्र सांगतात: लिहून काढ, मोकळं वाटेल.

हा सल्ला कितपत खरा आहे? गेली चाळीस वर्षे मानसशास्त्रज्ञ त्याची परीक्षा घेत आहेत, आणि मराठी-कन्नड लेखक त्याहून कितीतरी आधीपासून त्याची प्रचिती देत आले आहेत. दोन्हीकडचा पुरावा एकत्र ठेवला की माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते. औषध म्हणून मोजले तर लेखनाचा गुण बेताचाच येतो. विधी म्हणून त्याच्याकडे पाहिले, म्हणजे त्याला ठरलेली वेळ, ठरलेला पत्ता आणि ठरलेला शेवट दिला, तर ते शोकात खरोखर हात देते. 

पंधरा मिनिटे, चार रात्री

आधुनिक संशोधनाची सुरुवात जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगापासून धरतात. अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठातल्या ४६ विद्यार्थ्यांना सलग चार रात्री रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले गेले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर लिहिले. त्यांतल्या काहींनी केवळ घटना मांडली, काहींनी केवळ भावना, तर काहींनी दोन्ही. लिहून उठताना दुखऱ्या विषयावर लिहिणाऱ्यांची मनःस्थिती बिघडलेली होती, रक्तदाबही चढलेला होता. मात्र पुढच्या सहा महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही मांडणाऱ्या गटाला विद्यापीठाच्या दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली.

या निकालातली एक बाब सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. लिहिणाऱ्यांना लगेच मोकळे वाटले नव्हते; लिहिल्यावर आधी त्रासच झाला होता. शिवाय फायदा दिसला तो नुसती भावना ओतणाऱ्यांत नव्हे, तर काय घडले आणि त्याने आपले काय झाले हे जोडून लिहिणाऱ्यांत. पुढे १९९७ साली पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातले शब्द मोजले. ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'म्हणून', 'त्यामुळे', 'आता लक्षात येते' अशा कारण आणि उमज दाखवणाऱ्या शब्दांचे प्रमाण वाढत गेले, त्यांची प्रकृती अधिक सुधारली होती. पहिल्या दिवशी विस्कळीत असलेली हकिगत चौथ्या दिवशी सलग झाली, यात लाभ होता.

त्यानंतर असे प्रयोग शेकड्याने झाले. जोशुआ स्मिथ यांनी १९९८ साली १३ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा परिणाम चांगला मध्यम आकाराचा दिसला. जोॲन फ्रॅटारोली यांनी २००६ साली १४६ प्रयोगांची बेरीज मांडली आणि तो परिणाम पुष्कळच लहान झाला. शून्य मात्र झाला नाही. फुकट, घरी बसून, कुणाच्याही मदतीशिवाय करता येण्याजोग्या गोष्टीसाठी लहान परिणामही टाकाऊ नसतो. पण चमत्काराची भाषा करायला इथे आधार नाही.

शोकाशी गाठ पडते तेव्हा

वरचे बहुतेक प्रयोग सर्व तऱ्हेच्या दुःखांवर आहेत. मृत्यूच्या शोकापुरते पाहिले तर चित्र आणखी सावध होते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या मार्गारेट स्ट्रोब, वोल्फगांग स्ट्रोब, हेंक शूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली नुकताच वियोग झालेल्यांवरचे दोन अभ्यास प्रसिद्ध केले. भावना बोलून दाखवल्याने किंवा लिहून काढल्याने शोक लवकर निवळतो, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. ज्याचा शोक स्वाभाविक गतीने चालला आहे त्याला लेखनाची वेगळी गरज नसते आणि त्याने लिहिले नाही तर त्याचे काही बिघडत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. घरात कुणी गेले आणि धाकटा मुलगा लिहीतही नाही, रडतही नाही, म्हणून त्याच्या मागे लागणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कळायला हवे.

यांपैकी मार्गारेट स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ साली शोकाचे एक प्रारूप मांडले होते. शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये हेलकावे घेतो: एकदा तो गेलेल्याच्या आठवणीकडे वळतो, एकदा बँकेची कागदपत्रे, मुलांची शाळा, नव्याने शिकायचा स्वयंपाक यांकडे. हे हेलकावे निरोगी असतात. अडचण होते ती माणूस एका बाजूला अडकून पडला की. सुझन नोलन-होक्सेमा यांनी कॅलिफोर्नियात आप्त गमावलेल्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा तेच तेच उगाळत बसणाऱ्यांचे नैराश्य जास्त काळ टिकलेले दिसले. वही अशा उगाळण्याचे साधन होऊ शकते. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांपैकी जे सतत 'असे का झाले' याचा शोध घेत होते, त्यांना भावना लिहून काढण्याने उलट मागे ढकलले. रोजची साधी कामे लिहिणारे त्यांच्याहून बरे राहिले. तो वियोग मृत्यूचा नव्हता, तरी इशारा इथेही लागू पडतो.

दुसऱ्या बाजूला, लेखनाला दिशा दिली तर काय होते हेही पाहिले गेले. वेंडी लिख्टेनथल आणि डीन क्रूस यांनी २०१० साली आप्त गमावलेल्या ६८ विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या सूचना देऊन लिहायला लावले. जे झाले त्याचा अर्थ लावणे, त्यातून हाती काय आले हे शोधणे, अशी दिशा मिळालेल्यांत तीन महिन्यांनी शोकाची तीव्रता उतरलेली दिसली. तेव्हा नुसता कोरा कागद पुढे ठेवू नये. त्यावर एक प्रश्नही लिहून द्यावा.

पत्र कुणाच्या नावाने

सर्वांत भरीव निकाल पत्रलेखनातून आला आहे. झुरिक विद्यापीठात बिर्गिट वागनर, क्रिस्टिने क्नेव्हल्सरुड आणि आंद्रेआस मेर्कर यांनी २००६ साली गुंतागुंतीच्या शोकात अडकलेल्या ५५ जणांवर एक उपचार तपासला. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा पाऊण तास लेखन आणि दर वेळी समुपदेशकाचे लेखी उत्तर. सुरुवातीला मृत्यूचा प्रसंग, जो आठवायलाही नको वाटतो तो, तपशिलाने लिहायचा. मग असाच वियोग झालेल्या एका कल्पित मित्राला धीराचे पत्र लिहायचे. स्वतःला जे कधी सांगितले नसते ते माणूस मित्राला सांगतो. शेवटी गेलेल्या माणसाला, किंवा त्या दिवसांत सोबत असलेल्या कुणाला, पत्र लिहून आता पुढे कसे जगायचे ते मांडायचे. उपचार घेतलेल्यांचा त्रास, वाट पाहणाऱ्या गटाच्या तुलनेत, स्पष्टपणे घटला.

या दहा लेखनांची रचना पाहताना मला आपल्याकडचे दहा दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत रोज काहीतरी ठरलेले करायचे, ते गेलेल्याच्या नावाने करायचे, घरात गरुडपुराण वाचले जात असताना मृत्यूकडे तोंड करून बसायचे आणि तेराव्याला गोड जेवून पुन्हा व्यवहारात यायचे. दोन्ही ठिकाणी शोकाला मोकाट सोडलेले नाही आणि दाबलेलेही नाही. श्रद्धा असो वा नसो, ही मांडणी शहाणपणाची होती. जिथे ती मोडली आहे तिथे कागदावर तिचे काही अंग परत उभे करता येते, हे झुरिकच्या प्रयोगाने नकळत दाखवून दिले.

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे म्हणजे वास्तव नाकारणे, अशी शंका एके काळी घेतली जाई. फ्रॉइड यांच्या १९१७ सालच्या निबंधाचा आधार घेऊन, गेलेल्यापासून मन सोडवून घेणे हेच शोकाचे काम आहे, असे बराच काळ शिकवले गेले. खुद्द फ्रॉइड यांची मुलगी सोफी १९२०मध्ये गेली. नऊ वर्षांनी, १९२९च्या एप्रिलमध्ये, तिच्या जन्मदिवशी त्यांनी मुलगा गमावलेल्या बिन्स्वांगर या मित्राला पत्र लिहिले आणि ही पोकळी कधीच पुरती भरत नाही, भरूही नये, या आशयाचे सांगून टाकले. सिद्धान्तात जे बसले नव्हते ते पत्रात उतरले. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या ग्रंथाने हाच विचार पुढे आणला: गेलेल्याशी नाते संपत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहते आणि तसे राहणे आजार नव्हे. दर भाद्रपदात पितरांना नावाने हाक मारणाऱ्या समाजाला हे पटवून द्यावे लागत नाही.

मराठी कपाटातला पुरावा

आता आपल्याकडचे पाहू. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत त्या दिवसांची हकिगत क्रमाने येते: तयारी, निरोप, भावंडांचे दुःख, संतांची व्याकुळता. कवी केवळ स्वतःच्या शोकाशी थांबत नाही. निवृत्तिनाथांना काय झाले, मुक्ताईला काय झाले, हे एकेकाच्या जवळ जाऊन पाहतो. मराठीतले हे जुने शोकलेखन घटना आणि भावना दोन्ही जोडून चालते. पुढे १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तिची नोंद त्यांच्या अभंगात येते ती अगदी थोडक्यात, उघडी, कसलाही साज न चढवता.

गद्यात आलो की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. आपली मोठी शोकपुस्तके उशिरा आली आहेत. न्यायमूर्ती रानडे जानेवारी १९०१मध्ये गेले. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१०मध्ये प्रसिद्ध झाल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९मध्ये गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४मध्ये. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी आईकडून आठवणी हव्या होत्या, आणि त्या आठवणींतून मराठीतले एक थोर आत्मचरित्र उभे राहिले. त्यात टिळकांचा विसराळूपणा आहे, संताप आहे, घरातली भांडणे आहेत. देव्हाऱ्यात बसवलेल्या नवऱ्याशी बोलता येत नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना माणूस राहू दिले, म्हणून पानोपानी ते त्यांच्याबरोबर आहेत. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही त्यांनी पुढे नेले. गेलेल्याचे अर्धे काम हाती घेणे हाही लेखनातून शोक वाहण्याचा एक मार्ग आहे.

साने गुरुजींची आई १९१७मध्ये गेली. 'श्यामची आई' लिहिली गेली फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. मधल्या सोळा वर्षांत मनात जे साठले होते त्याला तुरुंगाने बंद खोली दिली, ठरलेली वेळ दिली, आणि संध्याकाळी जमलेल्या मंडळींना गोष्ट सांगावी तशी बेचाळीस रात्रींची चौकट त्यांनी स्वतः रचली. आईसाठी रडायला लाखो मराठी मुलांना या पुस्तकाने मुभा दिली. कवी अनिलांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या पत्नी कुसुमावती १९६१मध्ये गेल्या. दोघांनी तरुणपणी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२मध्ये वाचकांसमोर आली. नवे काही न लिहिता जुने लिहिलेले लावून ठेवणे, त्याचा क्रम पाहणे, यानेही शोकाला बैठक मिळते.

उशीर हा नियम मात्र नाही. फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांनी १९७७ साली आई गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कागदाच्या चिठोऱ्यांवर टिपणे सुरू केली. ती पुस्तकरूपाने आली त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. जोन डिडियन यांचे पती २००३च्या डिसेंबरअखेर गेले आणि सुमारे वर्षभरात त्यांनी पुस्तक लिहून पुरे केले. टिपण लवकर, पुस्तक सवडीने, असे फार तर म्हणता येईल. आणि बहुतेकांच्या बाबतीत पुस्तक व्हायची काहीच गरज नसते.

बेळगावचे एक घर

या विषयात एका घराकडे मला थांबून पाहावेसे वाटते. नारायण संत आणि इंदिरा संत यांचा 'सहवास' हा एकत्र कवितासंग्रह १९४० साली आला. १९४६मध्ये नारायण संत अकाली गेले. इंदिराबाई बेळगावात राहिल्या, शिक्षिका म्हणून नोकरी केली, मुले वाढवली आणि लिहीत राहिल्या. 'शेला' १९५१मध्ये आला. 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' करत 'गर्भरेशीम' १९८२मध्ये आला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे संग्रह क्रमाने वाचले तर शोकाचा प्रवास दिसतो. सुरुवातीला हाक आहे, तक्रार आहे, गेलेल्याची वाट पाहणे आहे. पुढे तो माणूस पाऊस, माती, घरातल्या वस्तू यांत मिसळत जातो. दुःख ओसरले असे कुठे म्हणता येत नाही, पण त्याची जागा बदललेली आहे. संशोधक ज्याला चालू राहिलेले नाते म्हणतात त्याचा तीन दशकांहून अधिक काळाचा पुरावा या कवितेत आहे.

त्यांचा मुलगा वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता. प्रकाश नारायण संत या नावाने त्याने पुढे 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहिल्या, बेळगावच्या कानडी वळणाच्या मराठीत. हसत-खिदळत चाललेली ही कथामाला अखेर वडिलांच्या मृत्यूपाशी येऊन पोचते. अर्ध्या शतकानंतर एका प्रौढ माणसाने नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी तो दिवस पुन्हा पाहिला. २००३मध्ये प्रकाश संत अपघातात गेले, आणि त्यांच्या पत्नी सुप्रिया दीक्षित यांनी दोघांच्या सहजीवनावर 'अमलताश' लिहिले. एकाच घरात पत्नीने पतीसाठी, मुलाने वडिलांसाठी आणि सुनेने मुलासाठी लिहिले. एकीने कविता घेतली, एकाने कथा, एकीने आठवणी. कुठला प्रकार बरा, हा प्रश्न इथे निरर्थक ठरतो.

धारवाड ते बेंगळुरू

बेळगावाहून पुढे धारवाडला द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, काव्याची कन्नड. त्यांनी अनेक अपत्यांचे मृत्यू पाहिले. 'नी हिंग नोडब्याड नन्न' ही त्यांची कविता मूल गमावत असलेल्या नवऱ्याने बायकोला उद्देशून म्हटलेली आहे. तिची नजर सहन होत नाही हा तिचा विषय. कर्नाटकात ती आजही गायली जाते. शोक दोघांचा असतो आणि दोघांना एकमेकांकडे बघवत नाही, ही गोष्ट मूल गेलेल्या कुठल्याही घराला ठाऊक असते; बेंद्र्यांनी ती उघड म्हटली.

धारवाडलाच १९३८ साली जन्मलेल्या शशी देशपांडे, नाटककार श्रीरंग यांच्या कन्या, बेंगळुरूत राहून इंग्रजीत लिहितात; मराठीही त्या उत्तम जाणतात. आपल्या विषयावरची भारतीय कादंबरी कोणती असे कुणी विचारले तर मी त्यांची 'स्मॉल रेमेडीज' (२०००) सांगेन. मुंबईतल्या हिंसाचारात एकुलता एक तरुण मुलगा गमावलेली मधू एका वृद्ध गायिकेचे चरित्र लिहायला परगावी जाते. स्वतःच्या दुःखावर ती लिहूच शकत नाही. दुसरीचे आयुष्य लिहिता लिहिता, तिने लपवलेल्या मुलीची गोष्ट उकलता उकलता, मधूची वाट मोकळी होऊ लागते. त्याआधीच्या 'द बाइंडिंग व्हाइन'मध्ये (१९९३) तान्ही मुलगी गेलेल्या ऊर्मीला फार पूर्वी वारलेल्या सासूच्या कविता सापडतात. आपल्या शोकाकडे थेट बघणे जड जात असेल तर दुसऱ्याच्या कागदातून वाट काढता येते, हे देशपांडे यांनी दोनदा दाखवले आहे.

ज्यांनी कागद हाती धरला नाही

लेखनाचे गुण गाताना आपण शिकलेल्यांपुरतेच बोलत राहतो. महाराष्ट्रातल्या बायकांनी शतकानुशतके आई, बाप, भाऊ, नवरा यांच्या मरणावर जात्यावर ओव्या म्हटल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेची ठरलेली वेळ, हाताला काम, समोर दुसरी बाई ऐकायला: विधीची सगळी अंगे तिथे होती. बहिणाबाई चौधरींना तरुणपणी वैधव्य आले. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या रचना घरच्यांनी टिपून ठेवल्या, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या १९५२ साली छापून आल्या. घरातली आजी बोलत असेल तर नातवाने लिहून घ्यावे, हा त्यातला साधा धडा आहे.

आपल्या समाजात अडथळाही आहे. मृत्यूची खबर देणारे पत्र वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, ही रीत पुष्कळांनी पाहिली असेल. अशुभ म्हणून मरणाचे लिखाण घराबाहेर ठेवणाऱ्या माणसाला गेलेल्यावर वही भरणे अपराधासारखे वाटू शकते. आज त्या पत्राची जागा 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या तयार चित्रांनी घेतली आहे. ती पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गेलेल्या माणसाबद्दल त्यात एकही खरी गोष्ट नसते. सांत्वनाला दोनच ओळी लिहाव्यात, पण त्यांत गेलेल्याची एक आठवण असावी; असा मजकूर घरचे लोक जपून ठेवतात.

कुठे थांबावे, कुठे जावे

शोक कधी आजार होतो याची खूण आता वैद्यकशास्त्राने ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणानुसार सहा महिन्यांहून अधिक, तर अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या नियमावलीनुसार प्रौढांच्या बाबतीत वर्षाहून अधिक काळ शोक तितकाच तीव्र राहून रोजचे जगणे ठप्प करत असेल, तर त्याला दीर्घकाळ चाललेल्या शोकाचा विकार म्हणतात. अशा माणसाला नुसती वही पुरणार नाही. जगण्याची इच्छाच उरली नाही असे वाटत असेल तर मुदतीची वाट न पाहता लगेच मदत घ्यावी.

बेंगळुरूला या बाबतीत इतिहास आहे. फेब्रुवारी १९८१मध्ये इथे व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि मोठी जीवितहानी झाली. त्यात बहुसंख्य मुले होती. १९७४ साली स्थापन झालेल्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी मृतांच्या नातेवाइकांच्या शोकाचा अभ्यास करून तो १९८७ साली प्रसिद्ध केला. भारतात आपत्तीनंतरच्या शोकाकडे वैद्यकाने इतक्या बारकाईने पाहिल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. निम्हान्सनेच केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. ऑक्टोबर २०२२पासून निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली चालणारी टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही बोलते. वियोग समोर दिसत असलेल्या घरांसाठी १९९९पासून करुणाश्रय हे शुश्रूषागृह या शहरात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेते.

वहीची रीत

हा सगळा पुरावा एकत्र करून लिहू इच्छिणाऱ्याला काय सांगावे? मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत घाई करू नये. फार तर तारीख घालून घडलेले नोंदवावे. बसायचे ठरले की तीन-चार दिवस किंवा दहा बैठका अशी संख्या आधीच ठरवावी, वेळ पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत ठेवावी आणि वेळ संपली की वही मिटून हाताला दुसरे काम द्यावे. मजकूर कुणाला तरी उद्देशून असावा: गेलेल्याला, मागे राहिलेल्या भावंडाला, अशाच दुःखातल्या मित्राला. काय झाले आणि मला काय झाले, दोन्ही लिहावे. गेलेल्याचे दोष लिहायला घाबरू नये. राग, सुटका, अपराधीपण हेही कागदावर येऊ द्यावे. ज्या भाषेत त्या माणसाशी भांडण व्हायचे तीच भाषा असावी. दिवसभर इंग्रजी आणि कन्नडमध्ये वावरणाऱ्या बेंगळुरूच्या मराठी माणसाला आईशी बोलायला मराठीच लागेल, शुद्धलेखन कसेही असले तरी. दोन-तीन बैठकांनंतरही तेच वाक्य फिरून फिरून येत असेल, झोप उडत असेल, तर लेखन थांबवून माणसाशी बोलावे. छापायचा विचार आला तर आधी घरातल्या इतरांना वाचायला द्यावे, कारण शोक त्यांचाही आहे.

ही रीत एकट्याने पाळणे अवघड असते, म्हणून तिला संस्थांचा आधार हवा. महाराष्ट्र मंडळे दिवाळी-गणपती उत्साहाने साजरे करतात. त्यांनी वर्षातून एकदा वियोग झालेल्या सभासदांना बोलावून दहा बैठकांचे लेखन शिकवावे, ऐकायला प्रशिक्षित समुपदेशक बसवावा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लिहून घेणारी तरुण मुले नेमावीत. रुग्णालयांनी मृत्यूच्या दाखल्याबरोबर एक पानभर मार्गदर्शन मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावे. याला खर्च जवळजवळ नाही. शोकाला वेळ ठरवून देणे हे पूर्वी समाजाचे काम होते. आज ते ज्या एकट्यादुकट्यावर येऊन पडले आहे, त्याला निदान एक रीत देणे आपल्या हातात आहे, आणि ती आपण दिली पाहिजे.